नुसते पाणी

मराठी भाषेत काही शब्द दिसायला अगदी गरीब असतात. पण ते ज्याच्या शेजारी जाऊन बसतील त्याची प्रतिष्ठा पार धुळीला मिळवतात. 'नुसता' हा त्यांपैकी एक. नुसता कारकून, नुसता वरणभात, नुसता बी. ए.! वीस-बावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत असल्यामुळे शब्दांकडे पोलिसी नजरेने पाहण्याची मला सवय जडली आहे. आणि माझ्या असे ध्यानात आले आहे, की या 'नुसत्या'ने सर्वांत मोठा अन्याय कोणावर केला असेल, तर तो पाण्यावर.

कोणाच्याही घरी जा. तुम्ही टेकता न टेकता तोच प्रश्न येतो, "काय घेणार? थंड की गरम?" तुम्ही म्हणता, "छे, काही नको." "असं कसं? काहीतरी घ्यायलाच हवं." मग तुम्ही संकोचाने म्हणता, "बरं, नुसतं पाणी द्या." त्याबरोबर यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो. पाणी देणे म्हणजे काही देणे नव्हेच, असा आता सुशिक्षित घरांत सार्वत्रिक समज झाला आहे.

वास्तविक आपल्या पूर्वजांचे मत अगदी निराळे होते. अमरकोश उघडून पाहा. पाण्याला तेथे डझनांनी नावे आहेत, आणि त्यांत 'जीवन' आहे, 'अमृत' आहे, 'भुवन' सुद्धा आहे. आपला 'पाणी' हा शब्द 'पानीय' या संस्कृत शब्दापासून आला. पानीय म्हणजे पिण्याजोगे. म्हणजे पिण्याची वस्तू कोणती, असे विचारले तर भाषा एकच बोट दाखवते. बाकीची सारी पेये नंतर आली आणि पाहता पाहता घराची मालक होऊन बसली!

एकनाथांनी काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. गाढवाला साधे पाणी पाजून नाथ थोर ठरले. आज पाहुण्याला साधे पाणी दिले तर आपण कंजूष ठरतो! पूर्वी उन्हातून आलेल्या माणसापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवीत. त्यात मुख्य मान पाण्याचा. गूळ त्याच्या सोबतीला. आता सोबतीला आलेल्याने पाण्यालाच घराबाहेर काढले आहे.

हे कसे घडले, ते माझ्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले. कोका-कोला १९७७ साली हिंदुस्थानातून गेली आणि १९९३ साली परत आली. मधल्या काळात माझे बालपण झाले. तेव्हाही गोल्ड स्पॉट होते, गोटीच्या बाटलीतला सोडा होता. गोड थंड पेये नव्हती असे नाही. पण ती पिण्याचा प्रसंग यावा लागे. कोणाच्या तरी लग्नात, नाहीतर लांबच्या प्रवासात एखाद्या मोठ्या स्टेशनावर वडिलांची लहर लागली, तर एक बाटली आणि त्यात दोन नळ्या. एक माझी, एक धाकट्या भावाची. कोण जास्त ओढतो यावर डोळ्यांनी पहारा. आणि त्या काचेच्या बाटलीची एक गंमत होती. ती दुकानदाराला परत करावी लागे. त्यामुळे ती तेथेच, दुकानाच्या फळीशी उभे राहून संपवायची. घरी येण्याची तिला परवानगीच नव्हती. पुढे प्लास्टिकची दोन लिटरची बाटली आली, तिला परत करण्याची अट नव्हती, आणि ती सरळ आमच्या फ्रीजच्या दारात येऊन उभी राहिली. सणाची वस्तू वाराची झाली. माणसाची जीभ काही एका पिढीत बदलत नाही. बदलली ती बाटली.

हे सारे मी आज लिहावयास बसलो, याला कारण आमच्या घरातले एक नऊ वर्षांचे गृहस्थ आहेत. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा सोहम. पुण्यात एकाच इमारतीत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि भाऊ-भावजय तिसऱ्या मजल्यावर, असा आमचा संसार आहे. दोघेही नोकरीला जातात. त्यामुळे शाळा सुटली की सोहमचा मुक्काम आमच्याकडे, आजीपाशी. मुलगा हुशार, बोलका, गोष्टींचा वेडा. पण गेल्या वर्षी एकाएकी तो संध्याकाळी खाली खेळायला जाईनासा झाला. विचारले की म्हणे, "अभ्यास आहे." नऊ वर्षांच्या मुलाला आपण होऊन अभ्यास आठवू लागला, की मास्तर असूनही मला काळजी वाटते. माझी मुलगी मृणाल बारा वर्षांची, अंगाने उदबत्तीची काडी. तिने एके दिवशी मला हळूच सांगितले, "बाबा, खाली त्याला सगळे ढोल्या म्हणतात. फुटबॉलमध्ये त्याला कायम गोलकीपर करतात. म्हणतात, तू नुसता उभा राहा, गोल आपोआप भरतो."

येथेही तो 'नुसता' होताच!

भाऊ त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेला, तेव्हा मीही सोबत होतो. डॉक्टरांनी सोहमची उंची मोजली, वजन केले, वाढीच्या तक्त्यावर दोन टिंबे मांडली आणि दोन्ही रेषा आम्हांला दाखवल्या. उंची आपल्या चालीने चालली होती; वजन मात्र दोन वर्षांत पुढे धावले होते. मग आमची अपेक्षा अशी, की आता ते भात बंद, तूप बंद, बटाटा बंद, अशी यादी सांगतील. त्यांनी काहीच बंद केले नाही. त्यांनी कागद पुढे ओढून विचारले, "तो काय खातो ते नंतर पाहू. दिवसभरात पितो काय, ते सांगा."

खाण्याचा हिशेब प्रत्येक घरात असतो. पोळ्या किती खाल्ल्या, डबा संपवला की नाही, भाजी टाकली का, यावर प्रत्येक आईचे लक्ष असते. पिण्याची मात्र नोंदच कोणाच्या डोक्यात नसते. आठवून आठवून जी यादी झाली ती अशी : सकाळी दूध, त्यात चॉकलेटची पूड आणि वर दोन चमचे साखर. शाळेत मधल्या सुट्टीत आंब्याच्या रसाचे छोटे खोके. संध्याकाळी आजीच्या हातचे सरबत. रविवारची बाटली निराळी. डॉक्टरांनी प्रत्येकापुढे साखरेचे चमचे लिहिले. तीन, चार आणि चार. दिवसाचे अकरा चमचे. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर महिन्याला दीड किलोहून अधिक साखर, आणि तीही अन्नातली नव्हे, केवळ पेल्यातली. वाण्याच्या यादीत एवढी साखर एका मुलाच्या नावावर लिहिली असती, तर आमच्या घरात सभा भरली असती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे, की वरून घातलेली, मधातली आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक बरे. सोहमच्या वयाला याचा हिशेब जास्तीत जास्त आठ चमच्यांचा होतो, आणि उत्तम म्हणजे चार. साध्या कोलाच्या शंभर मिलिलीटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. फ्रीजच्या दारातल्या त्या दोन लिटरच्या बाटलीत दोनशे ग्रॅमहून अधिक झाली!

"पण डॉक्टर," भाऊ म्हणाला, "प्यायल्यावर पोटही भरत असेल ना? मग तेवढं जेवण कमी जात असेल."

डॉक्टर हसले. "तीच तर मेख आहे. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या की पोट सांगतं, आता पुरे. साखर चावून आली तर पोटाला तिचा पत्ता लागतो. पाण्यात विरघळून आली तर फारसा लागत नाही. सरबत पिऊनही मूल जेवायचं तेवढंच जेवतं." आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला फार शहाणपणाचे वाटले. "याचं वजन उतरवायचं नाही. वाढतं मूल आहे, उपाशी ठेवू नका. वजन आहे तिथे थोडं थांबू द्या आणि उंचीला पुढे जाऊ द्या. पेल्यातली साखर काढा, तहानेला पाणी द्या, आणि त्याला खेळायला पाठवा. आणि एक, त्याच्यासमोर वजनाची चर्चा करू नका."

यातली शेवटची सूचना पाळली गेली नाही, आणि सारा घोटाळा तेथेच झाला. माझा भाऊ इंजिनियर. कारखान्यात एखादे यंत्र बिघडले तर त्याच यंत्राला नियम लावायचा, ही त्याची शिस्त. रात्री जेवताना त्याने जाहीर केले, "उद्यापासून सोहमला सरबत बंद, खोकं बंद. त्याला फक्त पाणी." आणि दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मृणालच्या पेल्यात नारिंगी पेय, तिच्या मैत्रिणीच्या पेल्यात तेच, आणि सोहमपुढे पाणी. तो काही बोलला नाही. संध्याकाळी मी गच्चीवर फेऱ्या घालीत होतो, तेथे तो आला. माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या आणि मग म्हणाला, "काका, मी जाडा आहे म्हणून मला नुसतं पाणी ना?"

वाचकहो, व्याकरणाच्या तासाला मी मुलांना सांगत असतो, की विशेषण नामाचा गुण दाखवते. त्या दिवशी मला विशेषणाचे दुसरे काम दिसले. त्या दोन अक्षरांच्या 'जाडा'ने आणि तीन अक्षरांच्या 'नुसतं'ने त्या मुलाच्या हातात पाण्याचा पेला नव्हे, शिक्षेचा कागद दिला होता. जगातली सर्वांत निरुपद्रवी वस्तू त्याला दंड म्हणून मिळाली होती. आणि दंड भोगणारा माणूस काय करतो? पहिली संधी मिळताच तो चुकवतो. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या दप्तरात आंब्याच्या रसाचे रिकामे खोके सापडले.

इकडे आईची निराळीच तक्रार होती. तिचे सरबत बंद झाले, हा तिला आपल्या हाताचा अपमान वाटत होता. "पोर शाळेतून दमून येतं. त्याच्यापुढे पाणी ठेवू? आपल्याकडे काय दुष्काळ पडलाय?"

आईच्या तोंडी दुष्काळ हा शब्द अलंकारिक नसतो. तिचे माहेर माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती एकोणीस वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि आटत चाललेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरला. साखर त्या दिवसांत रेशनच्या दुकानात मोजून मिळे. घरात असली तरी ती डब्यात, आणि डबा फडताळाच्या वरच्या खणात. आल्यागेल्याच्या चहापुरती ती खाली उतरे. लेकराच्या हातावर चिमूटभर साखर ठेवणे म्हणजे त्याचे केवढे लाड! त्या बाईने पुढे शहरात संसार केला, मुले शिकवली, आणि आता नातवाच्या पेल्यात चार चमचे साखर घालताना तिला जे वाटते, ते केवळ लाड नव्हते. आपल्या घरातला दुष्काळ संपला, याची ती रोज संध्याकाळी घेतलेली खात्री होती. त्या पेल्यावर पाच टक्के आणि दहा टक्के असे आकडे फेकून काय होणार?

मी तिला आकडे सांगितले नाहीत. सोहम गच्चीवर जे बोलला, ते जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही तळाला उतरून वाटी वाटी भरत होतो, ते पाणी नुसतं नव्हतं."

त्यानंतर आमच्या घरात जो कायदा झाला, तो आईने केला. त्याचे पहिले कलम असे, की एका पंगतीत दोन न्याय नाहीत. पाणी असेल तर सर्वांना पाणी. गोड असेल तर सर्वांना गोड, आणि ते सणाला. मृणालने कुरकुर केली, "मी कुठे जाडी आहे?" या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते उत्तर मला आमच्या पुण्यातच मिळाले. येथल्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. २००३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. आपली बाळे वजनाने सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५ किलो. आपली दिसायला किरकोळ. पण त्या किरकोळ देहात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा मात्र फारसा घटलेला नाही. बाहेरून बारीक, आतून स्थूल! मधुमेह आपल्याकडे अंगाने बारीक माणसालाही का गाठतो, याचा एक धागा या शोधात आहे. तेव्हा साखरेचा पेला जाड्या मुलाला वाईट आणि बारीक मुलाला चांगला, असा भेद आपल्या देशात तरी करता येत नाही. मृणालला हे पटले की नाही ते माहीत नाही. पण सोहमने ते ऐकले आणि त्या दिवसापासून त्याची मान थोडी वर झाली, एवढे मी पाहिले.

कायद्याचे दुसरे कलम पाण्याच्या मानपानाचे होते. आईने मला कुंभारवाड्यात नेऊन माठ घेतला. वाजवून, कानाशी धरून, तिसरा पसंत केला. घरी आणून तो दोन दिवस पाण्याने भरून ठेवला, ते पाणी झाडांना घातले, आणि तिसऱ्या दिवशी स्वच्छ पाणी भरून त्यात वाळ्याची जुडी सोडली. तिवईखाली वाळू, वाळूत धने पेरलेले. माठाच्या अंगावर पाझरणारे पाणी हवेत उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून ते गार होते, हे शास्त्र सोहमला मी समजावून सांगितले. आणि फ्रीजला वीज लागते, माठाला लागत नाही, हे त्याने आपल्या मित्रांना समजावून सांगितले.

मग ती रविवार पेठेतील भांड्यांच्या दुकानात गेली आणि चार फुलपात्रे घेऊन त्यांवर नावे घालून आणली. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी चाल. आईच्या लग्नातल्या तांब्यावर तिचे माहेरचे नाव अजून आहे. आता सोहमच्या फुलपात्रावर 'चि. सोहम' अशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरे आहेत. शाळेतून आला की आजी तांब्याने त्याच्या फुलपात्रात पाणी ओतते, आणि तो पीत असता त्याच्यापाशी बसते. पूर्वी सरबत देऊन ती ओट्याकडे वळत असे. आता ढवळायचे काही नसल्यामुळे तिला बसायला वेळ मिळतो. शाळेत काय झाले ते तो सांगतो. मला वाटते, पेल्यातून चार चमचे काढले आणि त्या जागी जे घातले, ते हे होते.

माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराने एका घराच्या अनुभवावर सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. म्हणून थोडे बाहेरचेही सांगतो. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेन या दोन शहरांतल्या गरीब वस्त्यांत ३२ प्राथमिक शाळा निवडून २००६-०७ मध्ये एक प्रयोग झाला. काही शाळांत पिण्याच्या पाण्याचे नळ बसवले, मुलांना बाटल्या दिल्या आणि शिक्षकांनी वर्गात पाण्यावर चार पाठ घेतले. बाकीच्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. कोणाला उपाशी ठेवले नाही, कोणाला जाडा म्हणून वेगळे काढले नाही. वर्षअखेर सुमारे तीन हजार मुलांची वजने पाहिली. पाण्याच्या शाळांत वजन प्रमाणाबाहेर जाण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी भरला. पाणी सर्वांच्या हाताशी ठेवले, सर्वांना सारखे दिले. आणि एवढ्याशा गोष्टीने फरक पडला.

आपल्याकडेही हालचाल सुरू झाली आहे. केरळात काही शाळांनी २०१९ साली मुलांनी पाणी प्यावे म्हणून दिवसातून ठरावीक वेळी घंटा वाजवण्यास आरंभ केला. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार चरबी, मीठ, साखर अती असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावावयास सांगितले. पण फाटकापासून पन्नास मीटर संपले की पुढे आपले घर लागते. आणि घराला नियम करणारे सरकार म्हणजे आजी.

आता तुम्ही विचाराल, की बाजारातले थंड नको, पण आपले पन्हे? कोकम? लिंबू? उसाचा रस? मलाही ही पेये प्रिय आहेत. पण देशी आहे म्हणून साखर काही सभ्य होत नाही. चार चमचे ते चार चमचेच. फळ चावून खावे, त्याचा रस काढून पिऊ नये, कारण रस काढला की चोथा जातो आणि साखर राहते. मीठ-जिरे घातलेले पातळ ताक आमच्या कायद्यात बसते. दुधातली चॉकलेटची पूडही हळूहळू कमी करीत गेलो, कारण 'आरोग्यपेय' ही काही कायद्यातली जात नाही. २०२४ साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढावयास सांगितली, ती याच कारणाने. आणि साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातलेल्या पेयांच्या भरवशावर वजनाचा कारभार चालवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचवले आहे. अखेर बोट फिरून त्याच जुन्या शब्दावर येते : पानीय.

आठ महिने झाले. चमत्कार घडला असे मी सांगणार नाही. सोहमचे वजन जवळपास होते तेथेच आहे आणि उंची चार सेंटीमीटरने वाढली आहे. डॉक्टरांनी तक्त्यावर नवी दोन टिंबे मांडली आणि समाधानाने मान हलवली. तो अजून गुबगुबीत आहे, आणि एका लग्नात त्याने दोन बाटल्या रिचवल्या, तेव्हा आजीने खुशाल पिऊ दिल्या. "लग्न रोज नसतं," ती म्हणाली. सण पुन्हा सण झाला, हे मला त्यात विशेष वाटले. महत्त्वाची गोष्ट अशी, की तो खाली खेळायला जाऊ लागला आहे. गोलकीपर तोच, पण आता तो ते काम आपल्या पसंतीने करतो, आणि खेळ थांबला की सारी टोळी आमच्या माठावर येऊन धडकते. परवा त्यांतला एकजण आजीला म्हणाला, "आजी, तुमच्याकडचं पाणी गोड लागतं." आई दिवसभर तेच सांगत होती.

दिवाळीचे दिवस आहेत. करंजी, अनारसे, चिवडा यांच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याचा माझा विचार नाही. वर्षाचे हे चार दिवस जिभेचेच आहेत. फराळाच्या ताटाशेजारी मात्र त्या दोन लिटरच्या बाटलीऐवजी पाण्याचा तांब्या ठेवून पाहा. आणि घरात एखादे गुबगुबीत मूल असेल, तर त्याच्या पेल्याकडे पाहण्याआधी स्वतःच्या पेल्याकडे पाहा. मुले आपले म्हणणे ऐकत नाहीत, आपले पिणे पाहतात. आमच्या घरी येण्याचा योग आला तर 'थंड की गरम' असे कोणी विचारणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वाळ्याच्या वासाचे पाणी समोर येईल. फक्त उचलण्यापूर्वी फुलपात्रावरचे नाव तेवढे वाचून घ्या. 'चि. सोहम' असे असेल तर ते खाली ठेवा. ते तो कोणालाही देत नाही.